संभाजीनगरात घरातल्या सर्वांना झेपेल असा पक्क्या रस्त्याचा सायकल-फेरा कोणता?

कडुनिंब

नमस्कार. दिवाळीत आमच्या घरी तीन सायकली जमल्या आहेत. एक माझी, एक पाचवीत शिकणाऱ्या मुलीची आणि एक माझ्या वडिलांची. वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत. नोकरीच्या काळात ते घनसावंगीच्या आसपासची खेडी सायकलनेच फिरत असत. परंतु त्यालाही आता पंचवीस वर्षे होऊन गेली. आमचे घर टीव्ही सेंटरजवळ आहे.

मला असा फेरा हवा आहे की ज्यात रस्ता पूर्ण पक्का असेल, झाडी आणि पाणी दिसेल, मध्ये बसायला जागा असेल आणि सर्व मिळून बारा ते पंधरा किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. कागदावर मी एक आराखडा केला आहे. सायकली टेम्पोत घालून विद्यापीठात न्यायच्या, तिथल्या रस्त्यांवर फिरायचे, मग बीबीचा मकबरा, बेगमपुरा, पाणचक्की, भडकल दरवाजा, आमखास, दिल्ली दरवाजा असे करीत सलीम अली सरोवर आणि हिमायत बागेपाशी थांबायचे आणि तिथून घरी यायचे. ज्यांनी हा रस्ता सायकलने केला आहे त्यांनी कृपया सांगावे की दहा वर्षांच्या मुलीला आणि वडिलांना तो झेपेल का, कोणत्या बाजूने जावे आणि किती वाजता निघावे.

पाणकावळा

टेम्पो कशासाठी? सलीम अली सरोवर तुमच्या घराच्या जवळ आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्यही पाठीशी राहतो.

नहरवाला

पाणकावळा यांच्याशी मी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. पाणचक्कीला पाणी कसे येत असे याचा विचार केला की या रस्त्याचा चढ-उतार आपोआप समजतो. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून, मध्ये मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांच्या आधाराने, पाणचक्कीच्या हौदापर्यंत आणले गेले आणि त्या पडणाऱ्या पाण्यावर पिठाचे जाते फिरत असे. त्या पाण्याला ढकलणारे कोणतेही यंत्र नव्हते, केवळ जमिनीचा उतार होता. म्हणजे पाणी ज्या बाजूने खाली आले, त्या बाजूला जाताना आपल्याला चढ लागणार. पाणचक्कीपासून विद्यापीठाकडे आणि पुढे डोंगराच्या पायथ्याकडे रस्ता हळूहळू चढत जातो. डोळ्यांना तो सपाट वाटतो, पण मांड्यांना लगेच कळतो.

तुम्ही टेम्पोने विद्यापीठात उतरलात तर सुरुवात मजेत होईल हे खरे, पण मग वडिलांच्या पायांचा अंदाज तुम्हाला मध्येच, वाहनांच्या गर्दीत येईल. उलट सरोवरापासून निघालात तर चढ पहिल्या तासात, थंड हवेत आणि ताज्या दमात संपतो आणि परतताना, पाय थकलेले असतात तेव्हा, उतार मिळतो. लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असताना चढ आधी आणि उतार नंतर, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

आणखी एक गोष्ट. औरंगाबाद लेण्यांपर्यंत सायकल नेण्याचा मोह होईल. तो रस्ताही पक्का आहे, परंतु शेवटचा चढ सोपा म्हणता येणार नाही. पायथ्याशी थांबून डोंगर पाहावा आणि मागे वळावे. लेणी पाहण्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

गोदाकाठची

मी नांदेडची आहे, त्यामुळे रस्त्याविषयी सांगू शकत नाही, पण वयाविषयी नक्की सांगू शकते. मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले. आमच्या लहानपणी गावात घरटी एकच सायकल असे आणि ती भावाची असे. आता मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी-नववीच्या मुली तीन-तीन, चार-चार किलोमीटर शाळेला जाताना पाहते तेव्हा फार बरे वाटते.

विष्णुपुरीला विद्यापीठाच्या परिसरात मी सराव केला. पहिल्या महिन्यात दोनदा पडले आणि दोन्ही वेळा कारण एकच होते, ते म्हणजे ओढणी. ती चेनमध्ये ओढली गेली की चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. तेव्हा आपल्या मुलीच्या सायकलला चेनकव्हर आहे ना, तेवढे पाहून घ्या आणि पॅन्टची उजवी बाजू मोज्यात खोचायला सांगा.

खडकीकर

कडुनिंब, तुमच्या आराखड्याला फेरा म्हणता येणार नाही, हे आधी स्पष्ट करतो. त्याचा आकार स्वयंपाकघरातल्या पळीसारखा आहे. विद्यापीठाचा परिसर म्हणजे पळीची वाटी, तिथे गोल फिरता येते. बेगमपुऱ्यापासून दिल्ली दरवाजापर्यंतचा भाग म्हणजे लांब दांडा, आणि टेम्पो न घेता सरोवरापासून निघालात तर त्या दांड्यावरून जसे गेलात तसेच परत यायचे आहे. वाटी सोपी आहे, अडचण दांड्यात आहे.

आपल्या गावातले जुने दरवाजे देखणे आहेत, पण ते चारचाकींसाठी बांधलेले नाहीत. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा आणि त्याला लागून असलेला खाम नदीवरचा पूल पाहा. समोरून रिक्षा आली की सायकलला कमानीच्या दगडाला खेटूनच उभे राहावे लागते. सकाळी सातनंतर तिथे दूधवाले, शाळेच्या रिक्षा आणि दुचाक्या एकाच वेळी शिरतात. माझा नियम असा आहे की कमानीच्या पन्नास पावले आधी सर्वांनी खाली उतरायचे, सायकल हातात धरून भिंतीच्या बाजूने एकामागे एक चालायचे आणि पूल ओलांडल्यावरच पुन्हा बसायचे. यात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही. मात्र मुलीला हे घरीच सांगून ठेवावे, कारण ऐन कमानीत कोणी ‘उतर’ म्हणून ओरडले की मूल गोंधळते.

परभणीचा

मला या चर्चेत एक मूलभूत शंका आहे. सोपा फेरा हवा असेल तर शहरातून जायचेच कशाला? आमच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात आम्ही वर्षानुवर्षे फिरतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात रस्ते रुंद आहेत, दोन्ही बाजूंना झाडे आहेत, पलीकडे प्रयोगाची शेते आहेत. चार फेऱ्या मारल्या की झाले. तुमचे विद्यापीठ तर सातशे एकरांहून मोठे आहे. तिथेच सकाळ काढावी. दरवाजे, पूल आणि रिक्षा यांत मुलीला नेण्याची जोखीम मला तरी अनावश्यक वाटते.

कडुनिंब

परभणीचा, आपले म्हणणे सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबर आहे आणि पहिले दोन रविवार आम्ही तसेच केले. परंतु दुसऱ्या रविवारी तिसऱ्या फेरीला मुलगी म्हणाली, “बाबा, हे झाड आपण मघाशी पाहिलंय.” चौथी फेरी तिने मारली नाही. तिला कुठून तरी कुठेतरी जायचे आहे. मला तिला रस्त्यावर चालवायला शिकवायचेही आहे, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत ती शाळेत आणि क्लासला एकटी जाईल. त्या वेळी तिला पहिल्यांदा रिक्षा समोर दिसावी असे मला वाटत नाही.

नहरवाला, आपले चढ-उताराचे स्पष्टीकरण वडिलांना वाचून दाखवले. ते लगेच म्हणाले की पाणी ज्या वाटेने येते ती वाट ओळखता आली की रस्ता विचारावा लागत नाही.

टिटवी

सरोवराविषयी थोडे लिहिते, कारण फेऱ्याचे एक टोक तिथे आहे आणि बहुतेक सायकलस्वार त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. खिजरी तलाव हे त्याचे जुने नाव आहे. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव त्याला नंतर दिले गेले. हे नाव आपल्या भागाला शोभते, कारण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले होते आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तेव्हा तुमचा मुहूर्त उत्तम आहे.

थंडीत येथे बाहेरचे पाहुणे येतात, पण आपले नेहमीचे पक्षीसुद्धा पाहण्यासारखे असतात. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, जलपर्णीवरून लांब बोटांनी चालणारी जांभळी पाणकोंबडी, काठावर स्तब्ध उभा असलेला बगळा. मुलीला एखादी छोटी वही द्या. चार पक्षी ओळखले की तिला ते झाड पुन्हा पुन्हा पाहण्याचा कंटाळा येणार नाही, कारण झाड तेच असले तरी त्यावर बसलेले कोणीतरी वेगळे असते.

एक विनंती मात्र मनापासून करते. तलावाच्या कुंपणाजवळ घंटी वाजवू नका आणि मोबाईलवर गाणी लावू नका. समोरच्या हिमायत बागेविषयीही तेच. ती मोगल काळातली बाग आहे, आज तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि तिथली आंब्याची, चिंचेची जुनी झाडे हे कित्येक पक्ष्यांचे घर आहे. सायकल बाहेर लावावी, आत परवानगी असेल तेव्हाच जावे आणि पायी जावे.

पाणकावळा

टिटवीताई, माझे नाव यादीत पहिले आल्याबद्दल आभारी आहे.

स्पोक

रस्ता ‘पक्का’ आहे एवढे पुरेसे नसते, तो कशाने पक्का केला आहे हे महत्त्वाचे असते. माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे जे रोज हाताखालून जाते ते सांगतो.

डांबर लहान मुलांसाठी सर्वांत चांगले. सिमेंटचा रस्ता गुळगुळीत असतो, पण दोन पट्ट्यांमधली फट जर तुमच्या जाण्याच्या दिशेने असेल, तर बारीक टायर त्यात बसतो आणि हँडल हातचे जाते. अशी फट तिरकी नव्हे, शक्य तितकी काटकोनात ओलांडावी. पेव्हर ब्लॉक दिसायला छान असतात, पण पावसाळ्यात झाडाखालच्या ब्लॉकवर शेवाळ धरते, आणि तिथे वळताना ब्रेक दाबला की मागचे चाक सरकते. ब्रेक वळणाच्या आधी दाबावा, वळणात दाबू नये.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र वेडी बाभूळ आहे. रस्ता कितीही पक्का असला तरी वाऱ्याने काटे त्यावर येतात. पंक्चर झाले तर बहुतेक लोक ट्यूब काढतात, पाण्याच्या घमेल्यात बुडवतात, बुडबुडे निघाले तिथे घासून पट्टी लावतात आणि चाक चढवतात. शंभर मीटरवर हवा पुन्हा जाते. कारण काटा ट्यूबमध्ये नसतो, तो टायरमध्ये रुतून बसलेला असतो आणि बाहेरून त्याचे टोकसुद्धा दिसत नाही. टायरच्या आतल्या बाजूने बोट सावकाश, पूर्ण गोल फिरवावे. जिथे टोचेल तिथे बाहेरून पकडीने काटा ओढून काढावा आणि पुन्हा एकदा बोट फिरवावे, कारण वेड्या बाभळीचा एक काटा असेल तर त्याचा भाऊ जवळपास असतोच. चिंधी फिरवली तर अधिक चांगले, तिचा धागा काट्यात अडकतो आणि बोटही वाचते.

हवेविषयी एकच. मुलीच्या सायकलमध्ये टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरू नका, थोडी कमी ठेवा. गतिरोधकावर ती फार उडणार नाही.

खडकीकर

स्पोक यांनी सांगितलेली फट मी अनुभवली आहे. कोपराला सहा टाके पडले.

लातूरकर

आमच्या लातुरातल्या फेऱ्यांवर असा चर्चेचा धागा काढायची वेळ केव्हा येईल, याची वाट पाहत आहे.

मिलकॉर्नर

एक सूचना करतो. पाणचक्कीपासून पुढे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सिद्धार्थ उद्यानापर्यंत फेरा वाढवला तर? मुलीला प्राणीही पाहता येतील.

नहरवाला

मिलकॉर्नर, कल्पना चांगली आहे, पण बसस्थानकाचा परिसर पहाटेपासूनच बस, काळी-पिवळी आणि रिक्षांनी भरलेला असतो. पन्नास प्रवासी घेऊन वळणाऱ्या बसच्या चालकाला दहा वर्षांच्या मुलीची सायकल दिसेलच याची खात्री मी देणार नाही. सिद्धार्थ उद्यानाला सायकलशिवाय जावे.

त्याऐवजी पुढे कधीतरी छावणीच्या बाजूने लोखंडी पुलाकडे जाऊन पाहा. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम २०२१ मध्ये सुरू झाले. त्याआधी त्या काठावर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहता येत नसे, आणि आता तिथे माणसे मुद्दाम फिरायला येतात. नदी पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही, पण ज्याने आधीचा काठ पाहिला आहे त्याला फरक लगेच दिसतो.

माहेरवाशीण

नागसेनवनाचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? विद्यापीठाकडे जाताना तो परिसर लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि माझे वडील तिथले विद्यार्थी होते. ते परगावाहून आले होते, वसतिगृहात राहत आणि शहरात सायकलने जात. ही सायकल तिघांमध्ये एक होती आणि पाळी ठरलेली होती. माझ्यासाठी या फेऱ्यात त्या झाडांखालचा रस्ता सर्वांत जवळचा आहे. कडुनिंब, तिथे पाच मिनिटे थांबा आणि मुलीला सांगा की या रस्त्याने शिकायला आलेल्या कित्येकांच्या घरात त्यांच्या आधी कोणीही शाळेत गेलेले नव्हते.

स्पोक

माहेरवाशीण, ती सायकल आजही घरी असेल तर मला दाखवा. जुन्या चौकटीचे लोखंड फार चांगले असते, पुन्हा उभी करता येते.

माहेरवाशीण

ती पुढच्या तुकडीला देऊन टाकली होती. तसाच रिवाज होता.

वैद्यकाका

वडिलांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्यांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पंधरा किलोमीटर नेऊ नका. निघण्याआधी अर्धी भाकरी किंवा दोन केळी आणि वाटेत पाणी, एवढे पुरते. मध्ये बोलता येत नसेल इतका दम लागला तर वेग जास्त आहे असे समजावे आणि थांबावे. वडील स्वतःहून ‘थांबू या’ म्हणणार नाहीत, हे त्या पिढीविषयी मी खात्रीने सांगतो. त्यामुळे थांबण्याचे ठिकाण आधीच ठरवा आणि ते मुलीसाठी आहे असे सांगा.

सीटची उंचीही पाहा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे वयस्क माणसे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात, आणि मग गुडघे दुखले की सायकलला दोष देतात.

खडकीकर

वेळेविषयीही ठरवून टाकू. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडते, जानेवारीत सात वाजतात. सध्या साडेसहाच्या आसपास सूर्य वर येतो. सव्वासहाला निघालात तर महमूद दरवाजा गर्दीच्या आधी पार होतो. परतताना सूर्य समोर असतो, तेव्हा तिघांनाही पुढे झाप असलेली टोपी किंवा तसे हेल्मेट असू द्या. समोरच्या उन्हामुळे आपल्याला खड्डा दिसत नाही.

कडुनिंब

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही हा फेरा पूर्ण केला. सांगायला उशीर झाला कारण दुपारभर तिघेही झोपलो होतो.

सव्वासहाला सरोवरापासून निघालो. टिटवीताईंनी सांगितल्याप्रमाणे कुंपणापाशी दहा मिनिटे शांत उभे राहिलो. मुलीच्या वहीत तीन नोंदी झाल्या. त्यांतल्या एकीपुढे तिने ‘जांभळी कोंबडी, पाय फार मोठे’ असे लिहिले आहे. दिल्ली दरवाजापाशी आणि महमूद दरवाजापाशी उतरून चाललो. कमानीतून जाताना समोरून खरोखरच एक रिक्षा आली. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली, रिक्षावाल्या दादांनी हात करून तिला आधी जाऊ दिले आणि त्या क्षणी मला या धाग्याचे मोल समजले.

नागसेनवनात थांबलो. माहेरवाशीण यांनी लिहिलेले मी मुलीला सांगितले. तिने विचारले, तिघांमध्ये एक सायकल असेल तर पावसात कोण जायचे? मला उत्तर देता आले नाही.

चढ नहरवाला म्हणाले तसाच निघाला. सीट मी आदल्या दिवशी वैद्यकाकांच्या सांगण्यावरून दोन बोटे वर केली होती. वडिलांनी प्रथम तक्रार केली, पण विद्यापीठाच्या आत वळेपर्यंत ते आमच्या दोघांच्या पुढे होते. डोंगराच्या पायथ्याशी थांबून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. परतताना पाणचक्कीपर्यंत फारसे पेडल मारावे लागले नाही. माझ्या मीटरवर एकूण साडेचौदा किलोमीटर झाले आणि थांबे धरून अडीच तास लागले.

परभणीचा, आपली शंका मी विसरलेलो नाही. हा रस्ता मुलीला एकटीने करण्यासारखा नाही, पुढे आणि मागे मोठे माणूस हवे. आम्ही वडिलांना पुढे, तिला मध्ये आणि मला मागे असा क्रम ठेवला होता.

परभणीचा

हा क्रम असेल तर माझा आक्षेप राहत नाही. पुढच्या महिन्यात मी सायकल रेल्वेने घेऊन येत आहे. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिले, दोन काटे निघाले.

माहेरवाशीण

पावसात कोणीच जात नसे. सायकल वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभी राहत असे आणि तिघेही पायी जात. आपल्या मुलीला तेवढे कळवा.